मदत हवी आहे: जुनी शिडाची बोट, फुकट देऊनही सुटत नाही

एकशीड | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून लिहितोय.

माझ्याकडे (खरं तर आमच्याकडे, ते पुढे येईलच) कॅटलिना २७ जातीची शिडाची बोट आहे. १९७८ सालची. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या खाडीत एका मरीनाच्या धक्क्याला बांधलेली असते. २०११ साली मी आणि ऑफिसातल्या एका मित्राने मिळून चार हजार डॉलरला घेतली. दोघेही पुण्याचे, पोहायला शिकलो ते विहिरीत. तरी पहिली तीन-चार वर्षं वेड्यासारखे जायचो. शनिवारी सकाळी डब्यात पोहे, थर्मासात चहा. ट्रेझर आयलंड मागे पडलं की गोल्डन गेटमधून येणारा वारा असा काही अंगावर येतो की पोहे तोंडात जाण्याऐवजी चष्म्यावर बसायचे.

मग मुलांचे क्लासेस सुरू झाले, २०१७ मध्ये मित्र पुण्याला परत गेला, आणि माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. गेली चार वर्षं बोट जागची हललेली नाही.

परवा बऱ्याच दिवसांनी आत उतरलो. गाद्यांना बुरशी. खालची फळी उचलली तर बुडात चार बोटं पाणी, त्यावर तेलाचा तवंग, आणि त्यात पार्ले-जीचा एक पुडा तरंगतोय. मित्राच्या काळातला, अजून न फोडलेला! मुख्य शिडाची खोळ फाटली होती, तिथे शिडाची कड उन्हाने पापडासारखी झालीये, बोट लावलं की तुकडा हातात येतो. मोटर ९.९ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायची), टाकीत चार वर्षांचं पेट्रोल. दोरी ओढली तर हूं नाही की चूं नाही. बुडाला शेवाळ आणि शिंपल्या इतक्या, की तिला बोट म्हणावं की बेट असा प्रश्न पडतो.

धक्क्याचं भाडं महिना ३२० डॉलर. शिवाय विमा, शिवाय काउंटीचा कर. म्हणजे जिची किंमत शून्य ती वर्षाला चार हजारांच्या वर खाते. विमा कंपनीने यंदा सर्व्हेचा (जाणकाराने बोट तपासल्याचा) रिपोर्ट मागितलाय. सर्व्हेसाठी बोट क्रेनने पाण्याबाहेर काढावी लागते, त्याचा खर्च वेगळा. विमा नसेल तर मरीना राहू देत नाही. आणि विकायला काढली तर घेणाऱ्याला माझी धक्क्याची जागा मिळत नाही, ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते.

क्रेगलिस्टवर (छोट्या जाहिरातींची साइट) आधी १५०० ला टाकली, मग ५०० ला, मग फुकट. फुकट म्हटल्यावर दोन दिवसांत चाळीस निरोप. निम्म्यांना फक्त मोटर हवी होती. काहींना राहायला जागा हवी होती. एक गृहस्थ म्हणाले, "टायटल-बिटल काही नको, आज रात्री येऊन घेऊन जातो." मी घाबरून फोनच ठेवला.

आता खरी गोम. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, आम्हा दोघांची नावं आहेत आणि मध्ये 'अँड' छापलंय. 'ऑर' असतं तर एकाच्या सहीने भागलं असतं. मित्राला सही मागितली की म्हणतो, "थांब रे, दिवाळीत येतोय, एकदा शेवटचं जाऊन येऊ." अशा सहा दिवाळ्या झाल्या.

कोणी असं काही निस्तरलंय का? कुठून सुरुवात करू?

---

स्पष्टवक्ती | १४ सप्टेंबर

मित्राकडे सहा वर्षांचं अर्धं भाडं मागा. सही दुसऱ्या दिवशी येईल.

---

डेल्टावासी | १५ सप्टेंबर

स्टॉकटनजवळ राहतो, बोटींत वीस वर्षं गेली. पहिली गोष्ट, रात्री येऊन नेतो म्हणणाऱ्याला बोट दिली नाहीत हे फार उत्तम केलंत. अशा कित्येक बोटी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचर्डसन बेमध्ये नांगरावर येऊन पडायच्या. कोणी तरी राहायचं, मग तो माणूस जायचा आणि हिवाळ्यातल्या एखाद्या वादळात बोट किनाऱ्याला लागायची नाही तर बुडायची. नांगराच्या साखळ्यांनी तिथलं तळाचं समुद्री गवत गोल-गोल खरवडून निघालंय, विमानातून घेतलेल्या फोटोत वर्तुळं दिसतात. कागदावर नाव तुमचं राहिलं तर विचारणा तुमच्याकडेच येणार. कोणालाही द्या, पण डीएमव्हीला (गाड्या-बोटींची नोंदणी करणारं राज्याचं खातं) मालकी बदलल्याची सूचना त्याच दिवशी पाठवा आणि तिची प्रत जपून ठेवा.

कुठे तरी सोडून देण्याचा विचारसुद्धा करू नका. इथे त्याला एक हजार ते तीन हजार डॉलर दंड आहे, वर ती उचलण्याचा खर्चही मागू शकतात.

तुम्हाला हवी ती वाट आहे: राज्याची 'सेव्ह' योजना, लांबलचक नाव सरेंडर्ड अँड अबँडन्ड व्हेसल एक्सचेंज. राज्याचं बोटिंग खातं स्थानिक संस्थांना, म्हणजे शहर, काउंटी, शेरीफ वगैरेंना, अनुदान देतं. त्यातून टाकून दिलेल्या बोटी उचलतात, आणि मालकाने आपण होऊन आणून दिलेली बोटही घेतात व मोडीत काढतात. सगळ्या संस्था यात नाहीत, आणि ज्या आहेत त्यांचे पैसे संपले की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. तुमच्या भागात कोण घेतं ते खात्याच्या साइटवर बघा आणि थेट फोन करा. मेलला उत्तर येत नाही. पण टायटल स्वच्छ हवं, म्हणजे पुन्हा गाडी त्या 'अँड'वर येऊन अडते.

---

सातबारा | १५ सप्टेंबर

सहीसाठी मित्राला बोलवायची गरज नाही. डीएमव्हीचा मुखत्यारपत्राचा एक फॉर्म असतो, एका पानाचा, वाहन आणि बोट दोन्हींना चालतो. मित्राने त्यावर तुम्हाला अधिकार द्यायचा आणि सही केलेला मूळ कागद कुरियरने पाठवायचा. फोटो चालत नाही.

आणि काउंटी बोटीवर कर लावते तो १ जानेवारीला जो मालक असेल त्याच्यावर. त्यामुळे जे काही करायचं ते ३१ डिसेंबरच्या आत उरका. २ जानेवारीला सुटलात तरी वर्षाचं बिल तुमच्याच नावाने येईल.

---

दानशूर कर्ण | १५ सप्टेंबर

एखाद्या संस्थेला दान का करत नाही? करात सूट मिळेल.

---

सातबारा | १६ सप्टेंबर

@दानशूर कर्ण, सूट मिळते, पण ५०० डॉलरच्या वरचा दावा असेल तर संस्था ती बोट जेवढ्याला विकेल साधारण तेवढीच. या बोटीचे किती येणार? आणि बहुतेक संस्थांना स्वतःच्या मोटरवर चालत येईल अशीच बोट हवी असते. पापडी शीड आणि बंद मोटर बघून ते "आभारी आहोत" म्हणतील आणि फोन ठेवतील. सी स्काउट्सना (स्काउट्समधली बोटी चालवणारी मुलं) विचारून बघायला हरकत नाही, पण फार आशा धरू नका.

---

भंगारवाला_नव्हे | १६ सप्टेंबर

कॅटलिना २७ च्या कीलमध्ये (बोटीच्या बुडाखालचा जड पंखा) २७०० पौंड शिसं असतं. म्हणजे सव्वा टन! ते विकून मोडीचा खर्च निघेल.

---

डेल्टावासी | १६ सप्टेंबर

शिशाच्या नादाने दोन जण बुडालेले मी पाहिलेत (पाण्यात नव्हे, पैशात). ते काढायला बोट यार्डात आणा, क्रेनचं भाडं द्या, यार्डाचं रोजचं भाडं द्या, आणि बहुतेक यार्ड तुम्हाला स्वतः कापू देत नाहीत. शिवाय कीलचे जुने बोल्ट गंजलेले असतात. या बोटींत बुडाच्या आणि कीलच्या सांध्यात पुढच्या बाजूला चीर पडते, तिला इकडे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. बोट हसते आणि मालक रडतो.

मोटरमधलं आणि टाकीतलं जुनं पेट्रोल, बॅटऱ्या हे काढून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या. फ्लेअर (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या) असतील तर मात्र आधी फोन करा. त्यांची मुदत बनवल्यापासून ४२ महिन्यांची असते, आणि मुदत संपलेले बऱ्याच केंद्रांवर घेतच नाहीत, स्फोटक म्हणून. कचऱ्यात तर मुळीच टाकू नका.

---

दाभोळकडचा | १७ सप्टेंबर

मदत काही नाही, नुसतंच वाचून लिहितोय. आमच्या मामांची लाकडी होडी होती खाडीत. पावसाळ्याआधी ओढून वर घ्यायची आणि झापांनी शाकारायची. मामा गेल्यावर शाकारायला कोणी उरलं नाही. दोन पावसाळ्यांत फळ्यांचे सांधे उघडले. मग शेजारी आले, ज्याला जे हवं ते नेलं. डोलकाठी आमच्याच गोठ्याला आडवी घातली. बुडाचा जाड वासा अजून परसात आहे, त्यावर बसून मामी फणस सोलते. उरलेलं न्हाणीच्या चुलीत गेलं. लाकडाची होडी अशी हळूहळू संपते हो. तुमचं हे फायबरचं प्रकरण जाळता येत नाही, कुजत नाही आणि गोठ्यालाही लागत नाही.

---

ब्रेस्तकर | १७ सप्टेंबर

@दाभोळकडचा, नेमकं हेच. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे नवं काही ओतता येत नाही. साठ-सत्तरच्या दशकात घाऊक भावात बनलेल्या बोटी आता जगभर एकदमच म्हाताऱ्या झाल्यात. फ्रान्समध्ये २०१९ पासून 'आपेर' नावाची व्यवस्था आहे: नवी बोट विकताना वर्गणी घेतात आणि त्यातून जुन्या बोटी फुकट मोडतात. केंद्रापर्यंत आणायचा खर्च फक्त मालकाचा. धागाकर्त्यांना याचा काडीचा उपयोग नाही हे कळतंय, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

एकशीड | ९ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. उशीर झाला, पण बातमी आहे.

तीन ठिकाणी फोन केले. पहिल्यांचे पैसे संपले होते. दुसऱ्यांनी सांगितलं, तुम्ही आमच्या हद्दीत नाही. तिसरीकडच्या बाईंनी फोटो आणि टायटलची प्रत मागितली, आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा दिला. अट एकच, बोट तरंगत त्यांच्या धक्क्यापर्यंत आणायची. डेल्टावासी स्वतःची बोट घेऊन ओढायला येतोय. (त्याच्याशी ओळख झाली, हा या धाग्याचा निव्वळ नफा.) फ्लेअर अकरा निघाले, ते कोण घेतं याचा शोध अजून चालू आहे.

सहीचं सांगतो. स्पष्टवक्तींचा सल्ला मानला नाही, धीरच झाला नाही. मित्राला फक्त त्या पार्ले-जीच्या पुड्याचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल. पुण्यात रात्रीचे साडेअकरा. मला फोन हातात धरून अख्खी बोट फिरवायला लावली, खालची फळीसुद्धा उचलून दाखव म्हणाला. चाळीस मिनिटं. मध्येच त्याची बायको येऊन "कोण गेलं का?" विचारून गेली. चौथ्या दिवशी कुरियर निघालं. कागदाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर एवढंच: "सुकाणूचा दांडा मोडीत देऊ नकोस. मला हवाय."

---

स्पष्टवक्ती | ९ नोव्हेंबर

बरं. पण भाडं तरी मागाच.

---

एकशीड | १३ डिसेंबर

बोट सोपवली. पावती मिळाली, डीएमव्हीची सूचना त्याच संध्याकाळी गेली. फ्लेअरही गेले, शेजारच्या काउंटीत वर्षातून एकदा घेतात तिथे.

आता शेवटचा प्रश्न, मग धागा बंद करतो. दांडा घरी आणलाय. दोन रंगांच्या लाकडी पट्ट्या चिकटवून केलेला, चार फुटांना थोडा कमी, एका टोकाला बाक. फेब्रुवारीत पुण्याला चाललोय. सुटकेसमध्ये बसत नाही. विमानात कसा न्यायचा?

---

दाभोळकडचा | १३ डिसेंबर

क्रिकेट किटच्या लांब बॅगेत घाला, सोबत दोन बॅटी टाका, आणि चेक-इनला द्या. हातात घेऊन चढू देणार नाहीत. कस्टमला विचारलं तर खरं सांगा, ते तसंही विश्वास ठेवणार नाहीत.