व्हायोलिन-चेलो-डबल बास त्रयी: जॅझ आणि समकालीन शास्त्रीय एकत्र वाजवायचंय. काय ऐकावं, सराव कसा करावा?

अनवट_सूर

आमची तिघांची त्रयी आहे: व्हायोलिन, चेलो, डबल बास. ड्रम नाहीत, पियानो नाही. व्हायोलिन आणि चेलो पाश्चात्त्य शास्त्रीय शिस्तीतले, बास जॅझमधला. संगीत अर्धं लिहिलेलं, अर्धं उत्स्फूर्त. अडचणी तीन. गजाने स्विंग (जॅझची लांब-आखूड झुलती लय) वाजवला की तो ताठ वाटतो. मोकळ्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये काही मिनिटांनी सगळं एकसारखं होतं. आणि शंभरेक श्रोत्यांच्या सभागृहात माइक-पिकअपचं गणित बसत नाही. काय ऐकावं तेही सांगा, पण नुसती यादी नको. कान कुठे द्यायचा ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

मंद्रसप्तक

ऐकण्यापासून सुरुवात करतो.

तुमच्याच तीन वाद्यांचा पहिला आदर्श म्हणजे आर्काडो स्ट्रिंग ट्रायो: मार्क फेल्डमन (व्हायोलिन), हँक रॉबर्ट्स (चेलो), मार्क ड्रेसर (बास). १९८९ चा 'आर्काडो' घ्या. पहिल्यांदा ऐकताना फक्त बासच्या मागे जा. तो पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) कधी सोडतो, गज कधी उचलतो आणि त्या क्षणी लय कुणाकडे जाते, हे कागदावर टिपा. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथे आहेत.

मग मसाडा स्ट्रिंग ट्रायो: फेल्डमन, एरिक फ्रीडलँडर, ग्रेग कोहेन. रचना जॉन झॉर्नच्या. तो स्वतः यात वाजवत नाही, समोर बसून हाताच्या खुणांनी वादन वळवतो. १९९८ च्या 'द सर्कल मेकर'ची पहिली डिस्क या त्रयीची आहे. इथे सुरावट छोटी आणि स्पष्ट असते, त्यामुळे लिहिलेलं कुठे संपलं आणि उत्स्फूर्त कुठे सुरू झालं ते पकडायला सोपं जातं.

स्ट्रिंग ट्रायो ऑफ न्यूयॉर्क १९७७ पासूनची. बिली बँग (व्हायोलिन), जेम्स एमरी (गिटार), जॉन लिंडबर्ग (बास). चेलोच्या जागी गिटार आहे, म्हणून कॉर्ड आणि ठेका दोन्ही सहज मिळतात. तुमच्या चेलोने गिटारचं काम कुठवर घ्यावं, हे ठरवायला ही तुलना उत्तम. अलीकडच्यांपैकी हिअर इन नाऊ (मॅझ स्विफ्ट, टोमेका रीड, सिल्व्हिया बोलोन्येझी) जरूर.

लिहिलेल्या संगीतात वेबर्नचा स्ट्रिंग ट्रायो ओपस २० (१९२७) आणि शोनबर्गचा स्ट्रिंग ट्रायो ओपस ४५ (१९४६). दोन्हींत बास नाही, व्हायोला आहे. पण एकच सुरावट तीन वाद्यांत तुकड्यातुकड्यांनी वाटली तरी ती अखंड कशी राहते, हे याहून चांगलं कुठे कळणार!

गजधर

स्विंगबद्दल. शास्त्रीय गजकामात दोन एट्‌थ नोटा (अर्ध्या ठोक्याच्या) ठोक्यापासून जोडायची सवय असते: ठोका आणि त्याचा उत्तरार्ध एका गजात. त्याने ठोका जड होतो, सगळं ताठ वाटतं. जोड उलटी करा. ठोक्याचा उत्तरार्ध आणि पुढचा ठोका एका गजात घ्या, म्हणजे गज नेहमी ठोक्याच्या आधी वळेल. आघात उत्तरार्धावर द्या, पण तो दाबाने देऊ नका, गजाच्या वेगाने द्या. प्रत्येक जोडीला चार बोटांच्या रुंदीइतकाच गज, मध्यापासून किंचित वरच्या भागात. छोट्या नोटांवर व्हिब्राटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) अजिबात नको, लांब नोटेच्या शेवटी थोडा चालेल.

मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ऐका, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांची गत असेल तर यंत्र ६० वर. या गतीला लांब-आखूडचं प्रमाण साधारण २:१ ठेवा. २२० च्या पुढे नोटा जवळजवळ समान होतात. तिथेही २:१ धरलं तर वादन लंगडतं.

कॉर्डची जबाबदारी व्हायोलिनने उचलावी. मूळ स्वर बासकडे असतोच. व्हायोलिनने डी आणि ए तारांवर फक्त तिसरा आणि सातवा स्वर धरावा. सी मेजरमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा क्रम घ्या: एफ-सी, एफ-बी, ई-बी. पहिली जोडी शुद्ध पंचम, एकाच बोटाने दोन तारा दाबून. मग वरचा स्वर अर्धा टोन खाली, मग खालचा अर्धा टोन खाली. हात जागचा हलत नाही आणि चेलो सुरावटीसाठी मोकळा राहतो. हे बाराही स्वरांतून बसवा.

ड्रमची उणीव भरायला 'चॉप' (गज तारेवर आपटून काढलेला ठेक्याचा आवाज) शिका. १९६० च्या दशकात ब्लूग्रास व्हायोलिनवादक रिचर्ड ग्रीनने ही पद्धत घडवली. मुठीजवळचे केस तारेवर उभे पडू द्यायचे, डाव्या हाताने तारा हलक्या दाबून गप्प ठेवायच्या. मनगट आवळलं की आवाज किरकिरा येतो.

तिहाई_नको

मोकळं इम्प्रोव्हायझेशन एकसारखं का होतं? कारण तिघंही सतत वाजवत असतात.

तीन वाद्यांच्या सातच जुळण्या होतात: तीन एकल, तीन जोड्या, एक तिघांची. त्यातली शेवटचीच वापरली तर कान थकणारच. कागदावर सात चौकटी काढा, रेकॉर्डिंग ऐकताना दर दहा सेकंदांनी कोणती जुळणी चालू आहे ती खूण करा. बहुतेक खुणा एकाच चौकटीत पडलेल्या दिसतील. मग सराव असा: प्रत्येक जुळणीला ९० सेकंद, क्रम आधी ठरवलेला, मध्ये थांबायचं नाही. जो गप्प आहे त्याने वाद्य खाली ठेवायचं नाही. पुढचा प्रवेश कोणत्या स्वरावर आणि कोणत्या आवाजात, हे त्याने गप्प असतानाच ठरवायचं.

दुसरं, घनता. एकजण वेगाने वाजवू लागला की बाकीचे आपोआप त्याच्यामागे चढतात, आणि एकदा टोक गाठलं की उतरायला जागा उरत नाही. यासाठी एक साधा नियम: एक जण चढला की दुसऱ्याने निम्म्या नोटांवर यायचं. तिसरा आहे तिथेच राहील.

शेवटही घासून गुळगुळीत झालेले असतात. ट्रेमोलो, हार्मोनिक्स, हळूहळू विरत जाणं. सरावात काही काळ यावर बंदी घाला. चालू वाक्याच्या मध्यावर तिघांनी एकदम थांबायचं, खूण फक्त श्वासाची. हे जमलं की बाकीचे शेवट सोपे वाटतात.

खुणा मोजक्या ठेवा: एक लिहिलेल्या भागाकडे परतण्याची, एक 'तू थांब'ची, एक 'आत्ता वाजवलंस ते लक्षात ठेव'ची. तिसरी सर्वांत उपयोगी. बुच मॉरिसच्या कंडक्शनमध्येही (खुणांनी उत्स्फूर्त वादन घडवण्याची त्याची पद्धत) ध्यानात ठेवून पुन्हा बोलावण्याची अशी खूण आहे. गज हातात असल्याने हाताच्या खुणा वेळेवर दिसत नाहीत. मान आणि वाद्याचं टोक वापरा.

अनवट_सूर

सात चौकटींचं आजच करून बघतो. बासने गज घेतला की लय कोसळते, त्याला उपाय?

तिहाई_नको

पिझिकाटोचा टोकदार आरंभ गेला की कानाला ठोका मिळत नाही, म्हणून तसं होतं. चेलोने चार बार आधी पिझिकाटोत तोच ठेका धरावा, बास अजून वाजवत असतानाच. मग बासने बाहेर पडावं. गज उचलायला निदान दोन ठोक्यांची विश्रांती त्याच्या पानावर स्पष्ट लिहा. टेलपीसला गजाची पिशवी बांधलीत तर एवढा वेळ पुरतो.

चेलो आणि बास दोघंही खाली असताना तिसऱ्या स्वराचं अंतर टाळा, नुसता गुरगुराट होतो. तिथे पंचम, अष्टक किंवा दशम.

तारस्वर

ध्वनीबद्दल. शंभर जणांच्या शांत सभागृहात बास सोडून काहीही वाढवू नका, असं माझं ठाम मत आहे. सुल पोंटिचेल्लो (घोडीला लागून गज), घोडीच्या मागच्या तारा, कोल लेन्यो (गजाच्या लाकडाने वाजवणं) हे सगळे आवाज हवेतूनच खरे पोचतात.

वाढवायचंच असेल तर पिएझो पिकअप (वाद्याचं कंपन थेट पकडणारा) थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नका. त्याला किमान १ मेगाओम इनपुट इंपीडन्स (विद्युत अवरोध) हवा. तो नसेल तर खालचे स्वर गळतात आणि आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. मध्ये प्रीअँप घ्या. सोबत क्लिपवरचा कंडेन्सर माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. माइक आणि पिकअप एकत्र केल्यावर खालचा भाग पोकळ वाटला तर एकाची पोलॅरिटी उलटी करून बघा.

हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचा आवाज कापणारा): बासला ३५ हर्ट्‌झ (त्याची ई तार ४१), चेलोला ५५ (सी तार ६५), व्हायोलिनला १५० च्या आसपास (जी तार १९६). फीडबॅक बहुधा वाद्याच्या पोटातल्या हवेच्या अनुनादावर येतो, व्हायोलिनमध्ये तो २७० ते २८० हर्ट्‌झच्या आसपास असतो. तिथे अरुंद कट, ३ ते ६ डेसिबल. सगळेच खालचे स्वर कमी करू नका.

बासच्या तारा: स्पायरोकोर पिझिकाटोला लांब गुंजतात, पण गजाला हट्टी. तुमच्या कामाला हेलिकोर हायब्रिडसारख्या दोन्हीकडे चालणाऱ्या बऱ्या. कोल लेन्योसाठी वेगळा स्वस्त गज ठेवा, लाकडाचं पॉलिश जातंच.

मंद्रसप्तक

एक राहिलं, ट्यूनिंग. चेलोची सी तार आणि व्हायोलिनची ई तार शुद्ध पंचमांनी लावली तर त्यांच्यातला तिसरा स्वर शुद्धापेक्षा सुमारे २२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या टोनचा शंभरावा भाग) चढा येतो. बासची उघडी ईही तशीच चढी. त्यामुळे सी मेजरचा लांब कॉर्ड खटकतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. उघड्या तारा ट्यूनरवर समान टेंपरामेंटला (अष्टकाचे बारा सारखे भाग) लावा, म्हणजे फरक १४ सेंटवर येतो. लांब कॉर्डमध्ये ई उघड्या तारेवर न घेता बोटाने घ्या आणि खाली आणा. बासने अशा जागी खालची ई सोडून डी तारेवरची घ्यावी.

बसताना बास मध्ये, चेलो आणि व्हायोलिन दोन बाजूंना किंचित पुढे. तिघांनाही एकमेकांचा उजवा हात दिसला पाहिजे.