नागपुरात छोटा धंदा आणि टॅक्स-लायसन्सच्या भानगडी: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. महाल भागात आमचं वह्या-पेनांचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं, आता मी बघते. धागा काढायचं कारण असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला, गिऱ्हाईक खूष, मी पण खूष. दोन दिवसांनी सीएंचा फोन, "ताई, गोडाऊनात वह्या किती पडल्या आहेत?" १ लाख ८० हजारांच्या होत्या, सगळ्या १२ टक्के भरून घेतलेल्या. आता माल माफीचा झाला म्हणून त्यावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या टॅक्सची वजावट, परत करा म्हणे. २१,६०० रुपये गेले, आणि समोर गिऱ्हाईक जुनी एमआरपी दाखवून म्हणते कमी करा ना काकू, टीव्हीवर सांगितलं आहे.

त्यात प्रोफेशन टॅक्स. माझा स्वतःचा वर्षाचा २५०० वेगळा, आणि दुकानातल्या पोराला ११ हजार पगार म्हणून त्याच्यातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे ते वेगळे. पैसे सगळे वेळेवर भरले होते बरं का, फक्त मार्चअखेरचं रिटर्न विसरले. हजार रुपये लेट फी. पोराला वाटते ताई आपलेच पैसे खाऊन राहिल्या.

तर तुमचं सांगा. नावं नका घेऊ कोणाची.

गांधीबाग, कापड:
ताई, आमच्याकडे २०१७ पर्यंत बिलबुक म्हणजे कार्बन पेपर आणि बॉलपेन. कापडावर व्हॅट नव्हताच, त्यामुळे सेल्स टॅक्स ऑफिसची पायरी बाबा कधी चढले नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला तेव्हा मात्र आम्हीही शटर पाडून बसलो होतो. दोन वर्षांत तोही गेला, ज्यांनी त्याच्यासाठी वेगळी वही घातली होती त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत अजून.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल पाठवला तर एक लाखाच्या वर ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालाचा ऑनलाइन कागद, लागते. पण बॉर्डर ओलांडली की पन्नास हजार. नागपूरवाल्याला बॉर्डर म्हणजे काय, सावनेर-सौंसर, दोन तासांचा रस्ता. छिंदवाड्याच्या पार्टीला ६८ हजारांचा माल, ई-वे बिल काढलं होतं, मुनीमजीनं गाडी नंबरात ३ च्या जागी ८ टाकला. रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन, "सेठ, साहेब बोलते गाडी दूसरी है." तिथे सांगितलं टॅक्सच्या दुप्पट दंड. पाच टक्क्यांनी टॅक्स ३,४००, म्हणजे ६,८०० झाले. झोप उडाली. सकाळी सीएनं २०१८ चं एक सर्क्युलर पाठवलं की नंबरात एखाद-दोन आकडे चुकले असतील तर तो किरकोळ दोष, हजार रुपयांत सुटका. ते मोबाईलवर दाखवल्यावर सुटली गाडी, पण पार्टीचा एक दिवस गेला आणि ड्रायव्हरचा भत्ता माझ्या माथी. ते सर्क्युलर मी आता प्रिंट काढून प्रत्येक गाडीत ठेवतो, लॅमिनेशन करून.

प्रतापनगर, घरगुती मसाले:
मी सावजी मसाला आणि पापड करते, वर्षाला सहा लाखांच्या आसपास. एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांसाठी लागते ते) रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपयांत झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही म्हणून निवांत होते. मग रायपूरहून एका लग्नाची ऑर्डर आली, वीस किलो मसाला. तेव्हा कळलं की ते चाळीस लाख राज्यातल्या राज्यात. गोंदियाला पाठवा, कोणी विचारत नाही. त्याच गाडीनं पुढे रायपूरला गेला की पहिल्या पाकिटापासून जीएसटी नंबर पाहिजे. आणि नंबर घेतला तरी कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यासाठीची सोपी टॅक्स स्कीम, नाही मिळत, कारण कंपोझिशनवाल्याला बाहेरच्या राज्यात विकता येत नाही. म्हणजे मसाल्यावर ५ टक्के, रिटर्न, सीएची फी, सगळं वीस किलोसाठी. नाही म्हटलं त्यांना. अजून जिवावर येते आठवलं की.

हिंगणा एमआयडीसी, फॅब्रिकेशन:
वरच्या सगळ्यांना टॅक्स स्वतःचा भरावा लागला, मी दुसऱ्याचा भरला आहे. पत्र्याचं बिल ३ लाख १० हजार, वर १८ टक्के म्हणजे ५५,८००. मी सप्लायरला पूर्ण पैसे दिले, आरटीजीएस. वीस तारखेला टू-बी (सप्लायरनं रिटर्नमध्ये दाखवलेली आपली बिलं जिथे दिसतात ती जीएसटीची यादी) उघडला तर ते बिलच नाही, म्हणजे क्रेडिट नाही. त्यानं रिटर्नच टाकलं नव्हतं. फोन केला तर "भाऊ, सीए लग्नाला गेला आहे." तीन महिने त्या सीएचं लग्न चाललं. तोपर्यंत ५५,८०० सीसीमधून (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून) काढून भरले, त्याचं व्याज मला. रिटर्न आपण उशिरा टाकलं तर दिवसाला ५० रुपये आपोआप लागतात, त्यानं मात्र माझं काय नुकसान केलं ते कोणत्या कॉलममध्ये लिहू?

तेव्हापासून आमचा नियम: मालाचे पैसे लगेच, जीएसटीचे पैसे टू-बीत बिल दिसल्यावर. दोन जुने सप्लायर तुटले याच्यापायी. एकानं तर घरच्या वास्तूलाही बोलावलं नाही.

सीताबर्डी, नाश्त्याचं दुकान:
आम्ही कंपोझिशनमध्ये, ५ टक्के आमच्या खिशातून, गिऱ्हाईकाकडून घ्यायचे नाहीत आणि तसं बोर्डावर लिहून ठेवायचं. तरी रोज एकजण तर्री पोहे खाऊन विचारतेच, "जीएसटी बिल द्या, ऑफिसात लावायचं आहे." द्या म्हणजे काय द्या बाप्पा!

कॉटन मार्केट, भाजी-फळं:
भाजीवर टॅक्स नाही, पण इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, आहे. दरवर्षी. काट्याला तार बांधून सील ठोकतात, तारीख बघून घ्या. माझी चार दिवसांनी गेली होती. वजन बरोबर होतं, त्यांनीच ठेवून बघितलं, तरी दंड तो दंड.

इतवारी, हार्डवेअर:
२००९-१० चा सेंट्रल सेल्स टॅक्सचा ८४ हजारांचा वाद होता, बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाईकांकडून सी फॉर्म मिळाले नव्हते म्हणून. भांडायला कंटाळलो, २०२१ मध्ये भरून मोकळा झालो. २०२३ मध्ये सरकारनं अभय योजना आणली, वर्षाची दोन लाखांपर्यंतची जुनी थकबाकी पूर्ण माफ. शेजारच्या दुकानवाल्याचं सव्वा लाख माफ झालं, त्यानं पार्टी दिली. मी पण गेलो, जेवलो. काय करता.

त्याच इतवारीतून, जरा वेगळं:
सगळे रडून राहिले म्हणून लिहितो. २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला गुमास्त्याचं लायसन्स (दुकानाचा परवाना) लागणं बंद झालं, ऑनलाइन सूचना दिली की झालं. बाबांना दरवर्षी चकरा माराव्या लागायच्या. मराठी बोर्डाचा खर्च आला म्हणाल तर आला, पण तो मी आनंदानं केला.

महालातून परत मी:
हार्डवेअरवाले भाऊ, त्या जेवणाचं वाचून हसावं की रडावं कळेना. प्रतापनगरच्या ताई, मसाला मला द्या एक किलो, महाल राज्यातच आहे. बाकीच्यांना निवांत उत्तरं देते, आज एकोणीस तारीख आहे आणि माझं थ्री-बी (जीएसटीचं रिटर्न, वीस तारखेपर्यंतचं) अजून व्हायचं आहे.