मदत हवी: रेडमध्ये नवी डिस्क घातली, पण जागा वाढत नाही

टिळकवाडी_स्टुडिओ
लग्नाच्या शूटिंगसाठी उबुंटूच्या (लिनक्स) मशीनवर रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच स्टोरेज, केलंय. जागा संपत आली म्हणून ४ टीबीची डिस्क आणून बसवली, ॲड कमांड दिली, एरर काहीच नाही. तरी डीएफमध्ये (जागा दाखवणारी कमांड) तीच ७.३ टीबी. रीबूट करूनही तेच. रविवारी खानापुरात लग्न आहे. लवकर सांगा.

निपाणीकर
रेडचा प्रकार कुठला? ५, ६, १०? आधी डिस्क किती होत्या? एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) काय दिसतं ते आधी टाका.

शहापूरचा_मामा
रेड ५ असेल तर आताच रेड ६ करून टाका. ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते, ६ मध्ये दोन गेल्या तरी डेटा राहतो. माझ्या प्रेसमध्ये एकदम दोन गेल्या होत्या, तेव्हापासून मी ५ ला हात लावत नाही.

निपाणीकर
मामा, त्यांना जागा पाहिजे. आता ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ६ म्हणजे पुन्हा ८ टीबीच (डीएफमध्ये ७.३ दिसते तीच). रेड ५ वर १२ मिळतील.

शहापूरचा_मामा
जागा मिळेल हो, पण लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत ते. परत शूट होणार काय?

टिळकवाडी_स्टुडिओ
रेड ५, एमडीएडीएम (लिनक्सचं रेड चालवायचं सॉफ्टवेअर) वापरून केलेलं, आधी तीन डिस्क. एमडीस्टॅटमध्ये नव्या डिस्कपुढे (एस) आलंय.

निपाणीकर
मग उत्तर मिळालं. एस म्हणजे स्पेअर. एखादी डिस्क गेली तर तिच्या जागी घ्यायला ती नुसती बसून आहे. ॲड केल्यावर ग्रो (रेड वाढवायची कमांड) द्यावा लागतो: एमडीएडीएम --ग्रो, पुढे तुमच्या रेडचं एमडीनं सुरू होणारं नाव, मग --रेड-डिव्हायसेस=४. त्यानंतर रीशेप, म्हणजे डेटा चारही डिस्कवर नव्यानं वाटणं, चालू होईल. त्या काळात डेटा वापरता येतो, पण सगळं हळू चालतं. आधी चारही डिस्कचं स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट) तपासा आणि महत्त्वाचं सगळं बाहेर कॉपी करा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि लग्न परत शूट होत नाही हे मामांचं मला शंभर टक्के पटतं.

अनगोळ_लिनक्स
झेडएफएसवर (स्वतःचं रेड असलेली फाइलसिस्टिम) या. २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्येही (झेडएफएसचं रेड) एकेक डिस्क वाढवता येते.

निपाणीकर
त्यासाठी डिस्क पुसाव्या लागतील, आणि आताचा डेटा तोवर ठेवायचा कुठं? तेवढीच दुसरी जागा लागेल ना.

टिळकवाडी_स्टुडिओ
ग्रो दिला. २ टक्के झालंय, फिनिश २८०० मिनिटं दाखवतंय! इतका वेळ लागतो? आणि वळवानं लाईट गेली तर?

अनगोळ_लिनक्स
नवी डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकची, लिहायला हळू) आहे का बघा. तसली असेल तर रीशेप रखडतो. मॉडेल नंबर टाका.

निपाणीकर
मोठ्या डिस्कला दोन दिवस लागू शकतात. लाईट गेली तर सहसा जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं, पण त्या भरवशावर राहू नका. यूपीएस लावा, आणि लाईट जास्त वेळ गेली तर मशीन नीट शटडाऊन करा. रविवारचं फुटेज एक्स्टर्नलवर उतरवा, कार्डं तोवर फॉरमॅट करू नका. रीशेप संपल्यावरही डीएफ ७.३ च दाखवेल, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) वेगळी वाढवायला लागते. ती एक्सटी४ प्रकारची असेल तर रीसाईझ२एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस ही कमांड. रेड आणि फाइलसिस्टिमच्या मध्ये एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा थर) असेल तर त्याआधी पीव्हीरीसाईझ आणि एलव्हीएक्स्टेंड. तुमच्याकडं यातलं काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.