उदयपूरजवळच्या जावरच्या जस्तखाणी: लेकीबरोबर काय बघावं? सल्ला हवाय

शमिका:
डिसेंबरात आम्ही चौघं उदयपूरला जातोय. तलाव, महाल वगैरे नवरा आणि धाकटा बघतील. थोरली अकरावीत आहे, दगडांनी वेडी झालीये. कपाटात कपड्यांपेक्षा गारगोट्या जास्त. जगातलं पहिलं जस्त जावरला निघालं असं तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून माझ्या मागे लागलीये. आम्हा दोघींकडे एक अख्खा दिवस आहे. खाणीत उतरता येतं का? चांगले स्फटिक मिळतात का? मी कॉमर्सवाली आहे, त्यामुळे कृपया मला कळेल असं सांगा.

भटकी_चप्पल:
जावर उदयपूरच्या दक्षिणेला, साधारण ४० किमी. अहमदाबादच्या रस्त्याने जायचं आणि टीडीच्या बाजूला वळायचं. खाणीत उतरण्याचं विसरा. चालू खाणी आहेत, आम्हाला फाटकावरूनच परत पाठवलं. आधी लेखी परवानगी मागून बघा, मिळाली तर नशीब. पण बाहेरही भरपूर आहे. टीडी नदीकाठी जावर माता, पडकी देवळं आणि जुन्या गावाचे अवशेष. उन्हाळ्यात गेलो होतो, त्या तापलेल्या टेकड्यांवर फिरणं हा शुद्ध मूर्खपणा होता. डिसेंबर उत्तम.

दगडफोड्या:
शमिकाताई, स्फटिकांच्या आशेने जाऊ नका. आपल्या सह्याद्रीत बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे झुबके मिळतात, लेकीला त्याचीच सवय असणार. जावरचा माल वेगळा आहे. इथे खनिज खडकात मुरलेलं असतं, शिरांमधून आणि भेगांमधून. दिसायला बऱ्यापैकी कळकट.

खडक अरवली महासंघाचे (एकत्र गणलेल्या थरांचा मोठा गट), वय पावणेदोन ते दोन अब्ज वर्षांच्या घरातलं. तेव्हा इथे समुद्र होता. त्यात चिखल, वाळू आणि कार्बोनेटचा गाळ साचला. पुढे सगळं दाबलं गेलं, तापलं, घड्या पडल्या. चिखलाचा फायलाइट झाला, वाळूचा क्वार्टझाइट, कार्बोनेटचा डोलोमाइट. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या चारही खाणींमध्ये शिसं-जस्त आहे ते मुख्यतः डोलोमाइटमध्ये. धातू मुळात समुद्रतळावर गाळाबरोबरच आले की नंतर गरम द्रावणातून, यावर आम्हा भूवैज्ञानिकांत जुनी भांडणं आहेत. पण भेगांचं कारण सोपं आहे. घडी पडताना फायलाइट वाकतो, डोलोमाइट तडकतो. जिथे तडा तिथे वाट, आणि जिथे वाट तिथे सल्फाइडं, म्हणजे धातूंची गंधकाशी झालेली संयुगं, येऊन बसली. मला विचाराल तर जावरचा अर्धा भूगोल या एका फरकात आहे.

लेकीला तीन खनिजं ओळखायला शिकवा. गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड: करडं, चकचकीत, फोडलं की बारीक चौकोनी ठोकळे पडतात. सुपारीएवढा तुकडाही तळहातावर ठेवला की दचकायला होतं, घनता ७.५ आहे. पायराइट पिवळा, सोन्याचा भास देणारा, पण इतका कडक की चाकूने ओरखडाही उठत नाही. आणि आपला नायक स्फॅलेराइट, जस्ताचं सल्फाइड. रंगावर जाऊ नका, मधासारखा पिवळट ते जवळजवळ काळा कसाही असतो. राळेसारखी चमक बघा. बाथरूमच्या टाइलची मागची खरबरीत बाजू बरोबर न्या. त्यावर घासलात की काळा तुकडासुद्धा फिक्या तपकिरी रंगाची रेघ देतो, आणि लगेच नाक जवळ नेलं तर सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. ग्रीकमध्ये त्याच्या नावाचा अर्थच दगाबाज. गॅलेनासारखा दिसतो आणि शिसं मात्र देत नाही, म्हणून.

पाटीपेन्सिल:
दगडफोडेकाकांनी नायकाची ओळख करून दिली, आता त्याचं सोंग मी सांगते. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

तांबं किंवा शिसं काढायचं तर भट्टीत धातुक आणि कोळसा घालायचा, धातू वितळून तळाशी जमतो. जस्त तळाशी जमतच नाही. ऑक्साइडमधून ते सुटं करायला हजार अंशांच्या वर तापमान लागतं आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे जन्मतःच वाफ! ती वर जाते, हवा लागली की जळून पांढरी पूड होते. भट्टीवाल्याच्या हाती काय, तर धुराड्यातली राख.

जावरकरांनी वाफ वर जाऊच दिली नाही, खाली उतरवली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस. तिच्यात भाजलेल्या धातुकाच्या गोळ्या भरायच्या. तोंडाला धोतऱ्याच्या फुलासारखी निमुळती नळी लिंपायची, आत एक काडी खोचायची आणि मूस उलटी टांगायची. काडीमुळे माल खाली सांडत नाही. आच लागल्यावर काडी जळून जाते आणि वाफेला वाट मोकळी होते. भोकांच्या विटांवर अशा ३६ मुशी, सहा गुणिले सहा. विटांच्या वर आग, खाली थंड कोठी. नळीतून उतरलेलं जस्त कोठीतल्या भांड्यात. 'रसरत्नसमुच्चय' या रसायनावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात रसकापासून (जस्ताच्या धातुकापासून) जस्त काढायच्या कृतीत वांगं आणि धोतरा या दोन्ही उपमा आहेत, आणि १९८० च्या दशकातल्या उत्खननात भट्ट्या निघाल्या त्या नेमक्या तशाच. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून ते काम केलं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढायचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये. त्याचीही पद्धत वाफ खाली उतरवण्याचीच होती.

चकवा:
मॅडम, छान. पण 'जगातलं पहिलं जस्त' हे जरा जपून. पितळ त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर होतं आणि पितळेत जस्त असतंच की.

पाटीपेन्सिल:
बरोबर. पण ते पितळ करायला सुटं जस्त लागत नव्हतं. बंद मुशीत तांब्याचे तुकडे, जस्ताचं धातुक आणि कोळसा एकत्र तापवला की वाफ थेट तांब्यात मुरते. जावरचं वैशिष्ट्य सुटा धातू, तोही कारखान्याच्या प्रमाणावर. 'मोठ्या प्रमाणावर जस्त काढल्याचा सर्वांत जुना पुरावा' म्हणा, म्हणजे भांडण नको.

दगडफोड्या:
+१. आणि खाणकाम त्याहूनही जुनं. जुन्या बोगद्यांत सापडलेल्या लाकडांचं वय दोन हजार वर्षांच्या पलीकडे जातं. तेव्हाच्या लोकांना बहुधा शिसं आणि त्यातली चांदी हवी होती, आमचा दगाबाज टाकाऊ होता. खडकाशी लाकडं रचून आग लावायची, दगड तडकला की फोडायचा. अशा जुन्या खोदकामाच्या भिंती गोलसर, गुळगुळीत दिसतात. सुरुंगाने फोडलेली भिंत कोनेरी असते. कुठे मुख दिसलं तर बाहेरूनच बघा, आत पाऊल नको. माझा सहकारी अशाच एका मुखाशी कमरेपर्यंत खाली गेला होता, दोरी होती म्हणून वाचला.

भटकी_चप्पल:
मुशींवरून आठवलं. तिथे वापरून टाकलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत, आणि काही घरांच्या भिंतीच त्यांच्या रचलेल्या! आडव्या ठेवून मातीत बसवलेल्या, बाहेरून नुसते गोल बुडखे दिसतात. मला आधी वाटलं जुने ड्रेनेजचे पाइप.

चकवा:
एक मूस शोकेससाठी आणता येईल का? ;)

दगडफोड्या:
नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावशेष ठरते. शिवाय ढिगातली जागा गेली की तिची अर्धी माहिती गेली. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

रिकामटेकडी:
एक दिवस आहेच तर राजपुरा-दरिबाचं गोसानही उरका की! सल्फाइडांच्या शिरा उघड्यावर गंजून झालेली लालपिवळी टोपी, राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर आहे. झामरकोटड्याला स्ट्रोमॅटोलाइटही आहेत, म्हणजे प्राचीन सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले खडक.

पाटीपेन्सिल:
दरिबा उदयपूरच्या दुसऱ्या बाजूला आहे हो. अकरावीच्या मुलीला गाडीत बसवून ठेवायचं का? मी म्हणेन जावर एके जावर. फारच वेळ उरला तर झामरकोटडा.

शमिका: (जानेवारी)
जाऊन आलो. परवानगीच्या मेलला उत्तर आलं नाही, बाहेरूनच फिरलो. टाइलवरची तपकिरी रेघ जमली! वास मला आला नाही, तिला 'नक्की' आला. पण ती सगळ्यात जास्त वेळ बसली मुशींच्या भिंतीपाशी. एका मुशीची बाहेरची बाजू वितळून हिरवट काचेसारखी झाली होती. दुसरीच्या तोंडाशी नळी लिंपलेली माती अजून होती आणि त्यावर तीन बोटांचे ठसे. हिने आपलं बोट शेजारी धरलं, तर ठसा तिच्या बोटाहून बारीक. तेव्हापासून घरात घोषणा आहे की हे काम लहान मुलं करत होती. उचललं काही नाही, फोटो आहेत. काका, तिचं बरोबर आहे का?

दगडफोड्या:
निरीक्षण झकास, निष्कर्ष घाईचा. ओली माती वाळताना आक्रसते, भाजल्यावर आणखी, आणि ठसाही तिच्याबरोबर लहान होतो. मुलं असतीलही, पण आधी तेवढं वजा करायला हवं. तिला म्हणावं, मातीच्या गोळ्यावर स्वतःच्या बोटाचा ठसा घे, कुंभाराकडून भाजून आण आणि दोन्ही वेळा मोज. आकडे इथे टाका.