मदत हवी आहे: साठवणीच्या चाळीतला कांदा गाई-शेळ्यांना किती चालतो?

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले. चाळीतला सडका कांदा उकिरड्यावर टाकला, पण कोंब आलेला ढीगभर उरलाय. भाव तर विचारूच नका. तो जनावरांना घालावा का?

कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीसारखी होते, हे माहीत आहे. गाईला हे लवकर बाधतं, शेळ्या-मेंढ्या जास्त सोसतात. दोघीही रवंथ करणाऱ्या, चार कप्प्यांचं पोट दोघींना, मग एवढा फरक का? कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू हळूहळू सरावतात म्हणे. गाभण गाईला मी देणारच नाही. शेळ्यांना मक्याच्या कुट्टीत मिसळून कुणी दिलाय का? किती प्रमाणात? दुधाला वास येतो का? पशुवैद्यक कुणी असतील तर जरूर सांगा.