हाड जुळलं, पण पाय अजून माझा वाटत नाही : फ्रॅक्चरनंतरचे तुमचे अनुभव लिहा

सात महिन्यांपूर्वी डोंगर उतरताना ओल्या दगडावरून पाय सरकला. पडल्याचं नीट आठवत नाही, पण घोट्यातून आलेला 'कट्' असा आवाज अजून कानात आहे. सोबतच्यांनी मला खाली बघू दिलं नाही, कारण पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. बाहेरच्या बाजूला प्लेट बसवली, आतल्या बाजूला दोन स्क्रू, आणि सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही असं सांगितलं.

दर सुट्टीला डोंगरात असणारी बाई मी. ते सहा आठवडे तरीही निघाले, कारण समोर एक तारीख होती. त्या तारखेला डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "छान, हाड जुळतंय." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी घरी आले, प्लास्टर काढलेला पाय दुसऱ्या पायाशेजारी ठेवून बघितला आणि रडले. पोटरी सैल पिशवीसारखी लोंबत होती. अंगठा वर कर म्हटलं तर तो जागचा हलत नव्हता, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा.

मोडलं कसं हे सगळे विचारतात. प्लास्टर निघाल्यानंतर काय होतं, हे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. म्हणून हा धागा. धावणारे, पोहणारे, नाचणारे, खेळणारे, ज्यांचं शरीर हलल्याशिवाय दिवस सरत नाही, त्यांनी लिहा. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगते. सातव्या आठवड्यात "वीस किलो भार द्या" असं सांगितलं. वीस किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? फिजिओने साधा वजनकाटा पुढे ठेवला. दुखरं पाऊल त्यावर ठेवायचं, डोळे मिटून दाबायचं, वीस झाले असं वाटलं की डोळे उघडायचे. पहिल्या दिवशी माझे 'वीस' म्हणजे काट्यावर आठ होते. पाचव्या दिवशी अठरा. त्या अठराचा जो आनंद झाला, तो कुठल्या शिखरावरही झालेला नाही.

* * *

सायकलवरून पडलो, खांद्यावर आपटलो आणि कॉलरबोन मोडलं. ते बहुतेक वेळा मधल्या भागातच मोडतं, माझंही तसंच. शस्त्रक्रिया नको, झोळीत हात ठेवा, आपोआप जुळेल असं सांगितलं. पहिले दहा दिवस उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपलो. आडवं झालं की हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासल्याचं जाणवायचं.

चौथ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ थांबलं आणि तिथेच मी चुकलो. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं धरून चाललो. २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये जेरेंट थॉमस पहिल्याच टप्प्यात पडला, कमरेच्या घेराचं हाड मोडलं असूनही त्याने शर्यत शेवटपर्यंत पूर्ण केली. ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगायचो. पाचव्या आठवड्यात सायकल बाहेर काढली. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं, हँडलवरून धक्का सरळ खांद्यात गेला आणि हाड पुन्हा त्याच जागी सुटलं. या वेळी प्लेट घालावी लागली. एकूण पाच महिने गेले.

सुरुवातीला हाडाभोवती जो जोड तयार होतो तो मऊ असतो, कूर्चेसारखा. दुखणं तेव्हाच कमी होतं, कारण टोकं हलायची थांबलेली असतात. तो जोड कडक व्हायला आणखी काही आठवडे जातात. मला हे कुणीतरी चौथ्या आठवड्यात सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहितोय.

* * *

माझं हाड पडून मोडलं नाही. धावून धावून नडगीला तडा गेला.

मॅरेथॉनची तयारी चालू होती. आठवड्याचं अंतर मी फार घाईने वाढवत नेलं. नडगीच्या आतल्या कडेला एका जागी दुखायला लागलं, बोटाच्या टोकाने दाखवता येईल एवढ्याशा जागी. धावणाऱ्यांना नडगी दुखण्याची सवयच असते, पण ते दुखणं लांबवर पसरलेलं असतं. एकाच बिंदूत दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल तर थांबा. मी आणखी तीन आठवडे धावले. एक्स-रे स्वच्छ आला, त्यामुळे मला बळच मिळालं. शेवटी एमआरआयमध्ये तडा दिसला.

आता जे लिहितेय ते लिहायला मला दीड वर्ष लागलं. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न पायाबद्दल विचारला नाही. "पाळी नियमित आहे का?" असं विचारलं. ती पाच महिने आलीच नव्हती आणि मी ते व्यायामाचं लक्षण समजत होते, मनातून थोडा अभिमानच वाटत होता. मी जेवढी धावत होते त्याच्या मानाने फारच कमी खात होते. शरीराला ऊर्जा पुरेनाशी झाली की ते आधी हाच खर्च बंद करतं, आणि त्या संप्रेरकांबरोबर हाडांचं संरक्षणही जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही होते हे मांडलं. माझं प्लास्टर कधी झालंच नाही. माझा उपचार म्हणजे आठ आठवडे धावणं बंद, आणि पोटभर जेवण. दुसरा भाग जास्त अवघड गेला.

परत धावायला लागले ती एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. तेही एक दिवसाआड. हाडाला जसा भार मिळतो तशी त्याची घडण बदलते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्येच मांडलं होतं. पण भारानंतर त्याला सावरायला वेळही लागतो, तो मधला मोकळा दिवस त्यासाठी. मुलींनो, पाळी थांबली तर ते व्यायामाचं फळ समजू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

* * *

वरच्या ताईंचा एक्स-रे स्वच्छ आला होता, तसाच माझाही. बॅडमिंटन खेळताना तळहातावर पडलो. "फक्त लचकलंय" असं सांगून मला घरी पाठवलं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटाजवळ एक खळगा पडतो, तिथे दाबलं की दुखायचं. महिनाभर क्रेप बँडेज बांधून खेळत राहिलो. तिथे आत स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांच्या बाजूने शिरून मागे मनगटाकडे जातो, म्हणून मध्ये मोडलं तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. पहिल्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर बरेचदा दिसतच नाही. त्या खळग्यात दुखत असेल तर हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा किंवा एमआरआय करायचा, हे मला फार उशिरा समजलं. माझं हाड जुळलंच नव्हतं. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन तिथे बसवावा लागला, वर स्क्रू.

त्या तीन महिन्यांत फिजिओने मला चांगल्या हाताची पकड वाढवायला लावली. हा उजवा हात मोडलाय आणि डाव्याला कशाला, असं वाटलं. पण एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद काही प्रमाणात टिकते. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच हे दाखवलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा उजवी पकड माझ्या भीतीपेक्षा बरीच बरी होती.

* * *

कुबड्यांबद्दल थोडक्यात. भार तळहातांवर द्या, काखेत नाही. काखेत दाबलं तर नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि प्लास्टरच्या आत खाज सुटली तर पट्टी, पेन, विणायची सुई काहीही घालू नका. माझ्या भावाने घातली, जखम झाली, आत पू झाला आणि प्लास्टर कापावं लागलं. हेअर ड्रायरची थंड हवा सोडा.

* * *

मी नाचते. तळपायाच्या बाहेरच्या बाजूचं, करंगळीमागचं लांब हाड मोडलं. रॉबर्ट जोन्स या शल्यचिकित्सकाचं हेच हाड नाचताना मोडलं होतं आणि त्याने १९०२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. हे वाचून मला खरंच धीर आला. रक्तपुरवठा कमी असलेली जागा, त्यामुळे हाड हळू जुळतं, कधी जुळतच नाही. मला स्क्रू घातला.

परतल्यावरची भीती मात्र कुठल्याच फोटोत दिसली नाही. उडी मारून उजव्या पायावर उतरायचं असलं की शरीर आपोआप डावीकडे झुकायचं. आरशात बघितल्याशिवाय मला ते कळायचंही नाही. मग भिंतीला हात लावून, दोन बोटं उंचीची उडी. मग हात न लावता. दोन महिने एवढंच. एकदा तालमीत विसरूनच गेले आणि उजव्या पायावर उतरले. लक्षात आलं ते गाणं संपल्यावर.

* * *

वय बासष्ट. रोज पोहतो. पायरीवरून घसरलो, हात टेकला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. सांगायचं एवढंच की बोटं मोकळी असतात ती पहिल्या दिवसापासून हलवत राहा. पूर्ण मूठ, पूर्ण उघडणं, दर तासाला. खांदा आणि कोपरसुद्धा. मी हात छातीशी धरून बसलो, दुखायला नको म्हणून. प्लास्टर निघालं तेव्हा मनगटाइतकीच बोटंही कडक झालेली, किल्ली कुलपात फिरवता येईना. ती एक किल्ली फिरायला पाच आठवडे लागले. नंतर हाडांची घनता तपासली तर ती कमी निघाली. माझ्या वयात साध्या पडण्याने हाड मोडलं तर ही तपासणी मागून घ्या. पुरुषांनीसुद्धा.

* * *

आज एकोणिसावा दिवस. फुटबॉल खेळताना नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड घातला आहे. तुम्हा सगळ्यांना भार देऊ नका म्हणून सांगितलं होतं, मला उलट सांगितलंय. डॉक्टर म्हणतात वॉकर घेऊन पाय टेका, सोसेल तेवढा भार द्या. मी टेकतच नाही. आत काहीतरी सरकेल असं वाटतं. कुणाचं असं झालंय का?

* * *

दादा, माझं झालंय, दोन वर्षांपूर्वी, अगदी हाच रॉड. तो हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत गेलेला असतो, भार तो आणि हाड वाटून घेतात. थोडा थोडा दाब मिळाला की जोड चांगला धरतो. मी पहिल्यांदा पाय टेकला तो फिजिओ समोर उभा असताना, त्यांचा हात माझ्या कमरेला होता. एकट्याने करू नका. गुडघ्याच्या पुढे दुखेल, रॉड तिथूनच घातलेला असतो, त्याने घाबरू नका. पण पोटरी अचानक सुजली, गरम झाली किंवा धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

* * *

धागा काढणारी पुन्हा. दादा, तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा : किती किलो? तेही सोसेल तेवढा म्हणाले तर घरात वजनकाटा असेलच. खुर्चीच्या पाठीला धरा, कुणाला तरी शेजारी उभं करा आणि पाचपासून सुरू करा. काटा किती दाखवतो ते उद्या इथे लिहा.