मापे जुळली, पण मोजले काय?
किती दाबावर दुखू लागते हे मोजणाऱ्या, हातात धरायच्या दाबमापकाची दोन दिवसांची मापे जुळली म्हणून उपकरण विश्वासार्ह ठरते, हे एका प्रतिसादातले म्हणणे मला अर्धेच पटते. 1 चौरस सेंटिमीटरचे रबरी टोक स्नायूवर टेकवून दाब संथपणे वाढवायचा आणि समोरच्याने ‘आता दुखले’ म्हणताच थांबायचे, एवढीच ही कृती असली, तरी दाब घाईने वाढवल्यास तो बोलेपर्यंत काटा पुढे सरकलेला असतो आणि वेदनेचा उंबरठा (ज्या दाबाला दुखू लागते तो) उगाच उंच दिसतो. परीक्षकाचा हात दोन्ही दिवशी सारखाच घाईचा असेल, तर मापे छान जुळतील आणि तरीही चुकीचीच राहतील. (दोन दिवसांची मापे किती जुळतात हे सांगणाऱ्या सहसंबंधाच्या नुसत्या आकड्यावरही माझा फारसा भरवसा नाही, गटातील माणसे एकमेकांहून फार वेगळी असली, की तो फुगतो.) मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच माणसाची मापे पुन्हा घेतल्यावर साधारण किती इकडेतिकडे होतात, ती किती किलोपास्कल (दाबाचे एकक) आली, हे कळले तर पुढे बोलता येईल.